जुन्या क्लासिक कारचं स्टेअरिंग ढिलं झालंय, आधी काय तपासू?

स्टेअरिंग बॉक्सचा (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) स्क्रू लगेच आवळू नका, बॉक्स मधल्या पोझिशनला जास्त झिजलेला असतो, तिथला प्ले (ढिलेपणा) काढायला गेलात तर वळवताना जाम होतो. आधी टायरची हवा बघा. मग गाडी चाकांवरच उभी ठेवून, इंजिन बंद, कोणाला तरी आत बसवून स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही एकेका जॉइंटवर हात ठेवून बघा, एक भाग हलला आणि पुढचा जरा उशिरा हलला की प्ले तिथेच, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) गेला असेल तर टकटक बोटांना चक्क कळते. आयडलर आर्म (बॉक्सच्या विरुद्ध बाजूला दांड्यांना आधार देणारा हात) असेल तर तोही बघा, हमखास राहून जातो.

नंतर जॅक, खाली स्टँड लावूनच, चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते सांधे).

गाडी फक्त ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक ब्रेकचंच काम. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी, ढिल्या पार्टवर करणं म्हणजे पैसे पाण्यात.