मागच्या एक्सलची तेलगळती थांबत नाही : गॅरेजविरुद्ध दावा कशाच्या आधारे करावा?

प्रश्न : आमची 2012 साली घेतलेली डिझेल एसयूव्ही वडिलांच्या नावावर आहे. आम्ही वाईला राहतो. गेल्या सव्वा वर्षात पुण्यातील एका गॅरेजने मागच्या उजव्या चाकाकडचे एक्सलचे ऑईल सील (तेल अडवणारी रबरी कडी) तीनदा बदलले, आणि दर वेळी महिना-दीड महिन्यात चाकाच्या आतल्या बाजूने पुन्हा तेल उतरले. आता तर ब्रेकचे लायनरही (घर्षणपट्टे) भिजले आहेत. पहिल्या दोन कामांची बिले माझ्या नावाने आहेत. तिसऱ्याची नुसती चिठ्ठी आहे. गॅरेजने चौथ्यांदा सील बदलून 7,400 रुपये मागितले आहेत, "गाडी जुनी झाली, असे चालायचेच" असे सांगितले आहे आणि पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : महोदय, आयोगात निश्चित जाता येईल. परंतु आपला दावा ज्या मुद्द्यावर टिकेल किंवा पडेल, तो आपल्या पत्रात अद्याप आलेला नाही. तेल पुन्हा गळले एवढ्यावरून सेवेतील त्रुटी सिद्ध होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(11) मधील व्याख्येप्रमाणे कामाचा दर्जा किंवा ते करण्याची रीत यांत उणीव होती, हे दाखवावे लागते. आणि ते दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या 2021 च्या निकालात सांगितले आहे. म्हणून तेल का गळते याचे उत्तर आधी कागदावर यायला हवे.

अशा एक्सलमध्ये सील हे गळती दिसण्याचे ठिकाण असते. कारण बहुधा त्याच्या मागे असते. चाकाचे बेअरिंग झिजून शाफ्टला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) प्ले म्हणजे ढिलेपणा आला असेल, तर शाफ्ट सीलच्या मध्यावर फिरत नाही आणि नव्या सीलची कडा थोड्याच दिवसांत खाल्ली जाते. शाफ्टवर जुन्या सीलच्या घर्षणाने खाच पडली असेल, तर नवे सील त्या खाचेवर घट्ट बसत नाही. तेथे स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवावी लागते किंवा शाफ्टच बदलावा लागतो. हाऊसिंगवरचा (एक्सलच्या आवरणावरचा) छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र, चिखलाने बुजला असेल, तर खंबाटकीसारख्या घाटात तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि तेल सीलच्या कडेने बाहेर ढकलले जाते. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले, तरीही हाच परिणाम होऊ शकतो. पहिल्या खेपेस केवळ सील बदलणे हा वाजवी उपाय म्हणता येईल, आणि त्या पैशांवर मी भांडणार नाही. मात्र तेच सील दुसऱ्यांदा गळल्यावर बेअरिंग, शाफ्ट आणि ब्रीदर न तपासता तिसऱ्यांदा व चौथ्यांदा तेच काम करून पैसे घेणे, याला मी त्रुटी म्हणेन. आपला दावा तिसऱ्या कामापासून उभा करावा, असे माझे मत आहे.

येथे एक गोष्ट आपण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावी. "शाफ्ट किंवा बेअरिंग बदलावे लागेल" असे गॅरेजने कधी सांगितले होते का, आणि खर्च वाचवण्यासाठी आपण "तूर्त सीलच बदला" म्हणालात का? जॉबकार्डावर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रकावर) तशी नोंद निघाली, तर दाव्यातील बराचसा जीव जाईल. तशी नोंद नसेल, तर गॅरेजचे मौनच त्याच्या विरुद्ध जाईल.

गाडी अडवून ठेवण्याविषयी : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार, सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य वापरून काम करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क असतो. काम नीट झालेच नाही तर हा हक्क टिकत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण तो करीत बसल्यास गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये राहील. त्यापेक्षा "हक्क राखून व निषेध नोंदवून" असे लेखी कळवून, रोख न देता बँकेमार्फत रक्कम द्यावी आणि गाडी ताब्यात घ्यावी. पक्के बिल मागावेच. रीतसर बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे तिसऱ्या कामाच्या चिठ्ठीचा मुद्दाही तक्रारीत घ्यावा. बदललेले जुने सील परत मागावे.

लायनर बदलले आहेत की नाही, हे तपासल्याशिवाय गाडी चालवत वाईला आणू नये. टोइंग करून न्यावी. गिअर ऑईलने भिजलेले लायनर ब्रेकची पकड घालवतात, आणि दोष माहीत असूनही धोकादायक वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 190 खाली दंडनीय आहे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट असते. अपघात झाला, तर आज आपल्या बाजूने असलेली माहिती आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच.

यानंतरचे पाऊल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक्सल दुसरीकडे उघडण्यापूर्वी गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी : अमुक दिवशी, अमुक वर्कशॉपमध्ये तपासणी होईल, आपण किंवा आपला मेकॅनिक हजर राहावे. ते आले नाहीत तरी चालेल. बोलावल्याचा पुरावा पुरेसा आहे. ऑटोमोबाईल अभियंत्याकडून किंवा पॉलिटेक्निकच्या संबंधित विभागातील जाणकार प्राध्यापकाकडून शाफ्टची खाच, बेअरिंगचा प्ले, ब्रीदर आणि तेलाची पातळी यांची मोजमापासह नोंद करून घ्यावी, छायाचित्रे काढावीत, आणि त्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र जोडावे. वाहनदुरुस्तीच्या तक्रारी फेटाळल्या जाण्याचे नेहमीचे कारण तज्ज्ञाचा अहवाल नसणे हेच असते, आणि एकदा एक्सल दुरुस्त झाला की तो पुरावा पुन्हा उभा करता येत नाही. गॅरेजशी झालेले व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत. त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडणे हिताचे.

गाडी वडिलांच्या नावावर असणे ही अडचण नाही. सेवेचे पैसे देणारा आणि त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा, दोघेही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 2(7) खाली ग्राहक ठरतात. तरीही तक्रार दोघांच्या नावाने करावी. गॅरेज पुण्यात असले, तरी कलम 34 तक्रारदाराच्या निवासाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा देते, म्हणून सातारा जिल्हा आयोग चालेल. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. मुदत कलम 69 नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षे. गॅरेजशी नुसता पत्रव्यवहार चालू राहिल्याने ती वाढत नाही.

मागणी माफक ठेवावी. तिसऱ्या व चौथ्या कामाचे पैसे, खराब झालेले लायनर आणि वाया गेलेले तेल, टोइंगचा व तपासणीचा खर्च, त्रासाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढे मागावे. तेरा-चौदा वर्षांत झिजलेला शाफ्ट किंवा बेअरिंग बदलण्याचा खर्च मात्र आपलाच आहे. तो गॅरेजकडून मागितला, तर उरलेल्या खऱ्या मागणीवरही आयोगाचा विश्वास उडेल.

नोटीस मिळाल्यावर गॅरेज "मोफत करून देतो" म्हणण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे झाले तर मी तडजोडीच्या बाजूने आहे. मात्र बेअरिंग, शाफ्ट व ब्रीदर तिन्ही आपल्यासमोर तपासले जातील, केलेल्या कामाची किमान सहा महिन्यांची लेखी हमी मिळेल आणि लायनरचा खर्च गॅरेज सोसेल, हे आधी लिहून घ्यावे. "माझी आता कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर, गाडी भरल्या वजनाने घाट चढून-उतरून एक्सल कोरडा राहिल्याची खात्री होईपर्यंत, सही करू नये.