मुखत्यार, वकील आणि वाजलेलं दिवाळं

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय: भाचा अमेरिकेतल्या एका वकीलबाईंचा परिचय मराठीत उतरवतोय. 'बँकरप्टसी ॲटर्नी'साठी त्याने 'दिवाळखोरी मुखत्यार' लिहिलं, तर आमच्या देवळाचे मुखत्यार वाचून हसत सुटले. मग शब्द कोणता घ्यायचा?

ताई, ते हसले ते उगाच नाही. हा शब्द गोव्यात अजून चालता-बोलता आहे. १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीप्रमाणे देवळाचे परंपरागत हक्कदार, म्हणजे महाजन, जी देवस्थान समिती निवडतात, तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या जोडीला मुखत्यार असतो, पोर्तुगीजात 'प्रोकुरादोर'. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. देवस्थानाने आपल्या वतीने व्यवहार बघायला नेमला, झालं. अरबी 'मुख्तार' म्हणजेच निवडलेला. मुंबईला स्थायिक झालेला भाऊ घरवाटणीसाठी गावच्या भावाला जो कागद करून देतो, ते मुखत्यारपत्रही याच कुळातलं.

इंग्रजी 'ॲटर्नी'त दोन माणसं दडलीत. 'पॉवर ऑफ ॲटर्नी'तला तो मुखत्यार. अमेरिकेतल्या कोर्टात अशिलाची बाजू मांडतो तो आपला साधा वकील. भाच्याने भलत्याच माणसाचा हात धरला. तसा वकीलही आधी कोर्टातला नव्हेच, दरबारातला. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्याला पेशव्यांकडे बोलणी करायला नारायण विठ्ठल धुमे होते, ते या जुन्या अर्थाने वकील.

आता 'दिवाळखोरी'. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, मुखत्याराकडे नाही. दिवाळं निघालं की सावकाराने भर दिवसा पेढीवर दिवा लावायचा, अशी व्युत्पत्ती सांगतात. खरी असो-नसो, शब्दात बदनामी आहेच. त्यातला 'खोर' भांडखोर-चुगलखोरातला. शिवाय दिवाळं वाजलं म्हणजे खेळ संपला, असंच आपण समजतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे कंपनी दिवाळखोरी कायद्याच्या 'चॅप्टर इलेव्हन' या प्रकरणाखाली अर्ज करते ती पुष्कळदा जगण्यासाठीच. डेल्टा एअरलाइन्सने २००५ मध्ये असा अर्ज केला, २००७ मध्ये ती त्यातून बाहेर पडली आणि मधल्या काळात तिची विमानं उडतच होती. याला 'दिवाळं वाजलं' म्हणणार?

आपल्या २०१६ च्या कायद्याचं मराठी नाव 'नादारी व दिवाळखोरी संहिता'. नादारी शब्द मला आवडतो. जुन्या पिढीला तो शाळेतून माहीत आहे. गरीब मुलाला फी माफ व्हायची ती नादारी. जवळ काही नाही, इतकंच तो सांगतो, शिवी देत नाही. गंमत म्हणजे या संहितेत कंपनी 'दिवाळखोर' ठरतच नाही. तो भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. कंपनीबाबत आधी देणेकऱ्याला तारायची योजना बघतात, तिला धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, समितीची ६६ टक्के मतं लागतात, आणि काहीच जुळलं नाही तर अवसायन, म्हणजे आहे ते विकून देणी भागवायची आणि कंपनी गुंडाळायची. अवसायन हा शब्द बुडालेल्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांनी गोव्याला शिकवला. अवसायक कोण, हे मडगावात आता कुणाला विचारावं लागत नाही. (सहकारी बँकांचा कायदा मात्र वेगळा.)

नादारीच्या प्रकरणात कंपनीचा कारभार बघायला जो नेमतात, त्या 'रिझोल्यूशन प्रोफेशनल'चं जाहीर नोटिशीत 'ठराव व्यावसायिक' झालेलं मी वाचलंय. सभेतला ठराव आणि कर्जातून काढलेला तोडगा यांची अशी गल्लत बघून कपाळावर हात मारून घेतला. 'निराकरण व्यावसायिक' बोजड आहे, पण निदान खोटं नाही. 'गोइंग कन्सर्न' म्हणून कंपनी विकली तर 'चालता धंदा विकला' म्हणा. आपले व्यापारी पूर्वीपासून तेच म्हणतात.

आणखी एक जपायचं: 'कंपनीचा वकील'. आपल्याकडे प्रकरण दाखल करून घेतलं की सहसा संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार त्या निराकरणवाल्याच्या हाती जातो. काल कंपनीतर्फे बोलणारा वकील आज निलंबित संचालकांतर्फे बोलत असेल. म्हणून 'कोणातर्फे' ते लिहाच. गोव्यातल्या कंपन्यांची अशी प्रकरणं मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालतात, आणि तिथे बाजू मांडायला वकीलच हवा असंही नाही. सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवही चालतो. त्याला 'प्रतिनिधी' म्हणावं. अमेरिकेत बहुधा जुनं व्यवस्थापनच खुर्चीवर राहतं, तेव्हा भाच्याला तिथे 'कर्जदार कंपनीतर्फे' लिहायला हरकत नाही.

भाच्याचं वाक्य मी असं करीन: 'नादारी, कर्जांची पुनर्रचना आणि कंपन्यांची खरेदी-विक्री या प्रकरणांत त्या कर्जदार कंपन्यांतर्फे वकील म्हणून काम पाहतात.' लांब झालं खरं, पण मुखत्यारांना दाखवून बघा.