उरलेलं मटण, बिडाचा तवा आणि बोटीवरचा हॅश

प्रश्न : ताई नमस्कार, मी मालवण तालुक्यातली. मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर आला की बोटीवरच्या जेवणाच्या गोष्टी सांगत बसतो. रविवारी तिथे रोस्ट होतं आणि सोमवारी सकाळी त्यातलं उरलेलं मांस, उकडलेला बटाटा, कांदा सगळं चिरून तव्यावर खरपूस परततात, वर अंडं फोडतात, त्याला म्हणे हॅश म्हणतात. यंदा धुळवडीला २ किलो मटण आणलं, चाकरमानी दुसऱ्याच दिवशी निघाले आणि अर्धा टोप मटण उरलं, म्हटलं पोरासाठी तेच करू. तर खालून करपलं, वर लगदा, आणि तवा खरवडता खरवडता माझी संध्याकाळ गेली. पोराने मुकाट खाल्लं पण घरचे म्हणाले, ह्याच्यापेक्षा वडे केले असतेस तर! चुकलं कुठे? माका काय ता जमूक नाय.

उत्तर : अहो तुमचं मटणच वेगळं, हॅशचं वेगळं. बोटीवरचं रोस्ट म्हणजे मीठमिरी लावून भट्टीत भाजलेलं कोरडं मांस, त्याला ना वाटण ना रस्सा. हॅश हा शब्दसुद्धा फ्रेंचमधल्या चिरण्याच्या शब्दावरून आलाय, म्हणजे चिरायचं आणि परतायचं एवढाच त्याचा जीव. आपलं मटण भाजलेल्या कांद्याखोबऱ्याच्या वाटणात लडबडलेलं असतं. ते वाटण आधीच एकदा भाजून झालेलं, पुन्हा तापल्या तव्यावर पडलं की दोन मिनिटांत करपतं आणि मांस आतून अजून गारच. त्यात रश्शाचं पाणी. जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत तव्यातलं ओलं मांस १०० डिग्रीच्या वर चढत नाही, आणि तो तांबूस खरपूस रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं, म्हणजे तुम्ही परतत होता असं वाटत होतं पण खरं तर शिजवत होता. म्हणून लगदा.

तर पहिलं काम, मटण आणि मसाला यांची फारकत. फ्रिजमधून टोप काढला की वर जी चरबी गोठून बसलेली असते ना ती चमच्याने उचलून वाटीत ठेवा, टाकू नका, तेच आपलं तेल. मग मटणाचे तुकडे काढा, हाडं बाजूला (हाडं नि उरलेला रस्सा दुपारच्या भाताला), बोटांनी मसाला निपटून घ्या आणि मांस नखाएवढं चिरा. मिक्सरला अजिबात लावायचं नाही, खिमा करायचा नाहीये आपल्याला. चिरलेलं मांस ताटात पसरून १५-२० मिनिटं पंख्याखाली ठेवा, वरचं ओलं सुकू दे. निपटलेलं वाटण वेगळ्या वाटीत, त्याची पाळी शेवटी.

बटाटे आदल्या रात्री सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवलेले हवेत. गरम बटाटा तव्यात पीठ होतो, गार झालेला घट्ट होतो आणि त्याच्या फोडी धरून राहतात. २ वाट्या मांसाला ३ मध्यम बटाटे, २ कांदे, ५-६ लसणीच्या पाकळ्या ठेचून, २ हिरव्या मिरच्या. मसाला निपटलेल्या मांसालाही आदल्या दिवशीचं मीठ मुरलेलंच असतं, म्हणून मीठ फक्त बटाट्यापुरतं.

आता तवा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असेल तर सोनं, जाड बूड, एकदा तापला की गार मांस पडलं तरी थंडावत नाही. मध्यम आचेवर चांगली ४-५ मिनिटं तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे. चरबी सोडा, कमी पडली तर चमचाभर खोबरेल. आधी बटाटा, एका थरात, आणि हात मागे घ्या! इथेच सगळ्यांचं बिनसतं, आपल्याला सवय भाजी परतायची, उलथणं हातात असलं की ढवळल्याशिवाय चैन पडत नाही. पाच मिनिटं हलवायचं नाही. चिकटलाय असं वाटेल, वाटू दे, खालची बाजू भाजून कडक झाली की बटाटा आपोआप सुटतो, त्याआधी खरवडलात तर खरपूस पापुद्रा तव्यावर आणि गर उलथण्यावर. एकदा उलटला की कांदा मिरची, कांदा गुलाबी झाला की लसूण आणि मांस, सगळं तव्यावर दाबून बसवायचं आणि पुन्हा ३-४ मिनिटं गप्प. मग मोठमोठे तुकडे उलथायचे, थोडं खरपूस थोडं मऊ असं मिसळू द्या. मांस आतपर्यंत चटका बसेल इतकं गरम झालं पाहिजे, कोमट नको. अगदी शेवटी आच कमी करून ते बाजूला ठेवलेलं वाटण दोन चमचे, मिनिटभर, बास. मालवणी मसाला वरून घालायची गरज नाही, आहे त्यातच सगळं आहे.

अंडं हवं तर मधे खळगा करून फोडा नि झाकण ठेवा. आमसूल किंवा लिंबू मात्र तव्यात नाही हं, आंबट बिडाला चालत नाही, तव्यावरचा तेलाचा थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. लिंबू ताटात पिळा. पावाबरोबर भारी लागतं, बेकरीतला कडक पाव असेल तर विचारूच नका.

एक घरगुती इशारा : घावण्यांचा तवा याला वापरू नका. मी एकदा वापरला होता, आईने चार दिवस अबोला धरला आणि पुढची तीन घावणी तव्याने सोडली नाहीत. मटणाला वेगळा तवा घ्या, आठवडी बाजारात मिळतो.

आणि मुलाला सांगा, बोटवाल्यांचा असाच एक जुना प्रकार जर्मनीत हॅम्बुर्गला अजून हॉटेलात मिळतो, लाबस्काउस म्हणतात, खारवलेलं मांस, बटाटा, कांदा आणि वर तळलेलं अंडं. त्यात मांस बटाटा एकत्र कुटून लगदाच करतात. म्हणजे तुमचं पहिलं जमलेलं बहुतेक तेच होतं.

प्रश्न : हे दुसऱ्या दिवशी करायचं म्हणता पण आमच्याकडे मटण रात्रभर चुलीवरच असतं, आजी सकाळी उकळी आणायची, काही व्हायचं नाही. आणि पावसात लाइट गेली की फ्रिजचा काय भरवसा? (गुहागर)

उत्तर : आजीचं मटण सकाळ संध्याकाळ उकळायचं आणि घरात पंधरा माणसं, उरतंय कुठे. पण नियम म्हणून हे करू नका. शिजलेलं मांस २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मे महिन्यात पारा ३२ च्या वर असेल तर तासाभरात. बाहेर राहिलेल्या मांसात काही जंतू असं विष सोडतात की जे नंतर उकळूनही जात नाही, जंतू मरतात, विष राहतं, त्यामुळे उकळी आणली म्हणजे झालं असं नसतं. अख्खा टोप गरमागरम आत ढकलू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो, उथळ डब्यांत वाटून ठेवा. फ्रिजमध्ये ३ दिवस धरा. लाइट गेली तर दार उघडायचं नाही, बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. त्याहून जास्त गेली तर मटणाचा मोह सोडा, वास घेऊन ठरवू नका, वास नसला तरी खराब असतं. आणि कुत्र्यालाही घालू नका.

प्रश्न : चिकनचं केलं तर दुसऱ्या दिवशी एक कुबट वास येतो, मटणाला तेवढा येत नाही. का? (रत्नागिरी)

उत्तर : कोंबडीच्या चरबीचा गुण तो. शिजवून गार केलं की ती चरबी हवेने लवकर बिघडते, बकऱ्याची त्यामानाने टिकते. डबा काठोकाठ भरा, वर हवा कमी राहील. रस्सा असेल तर तुकडे रश्श्यात बुडलेले ठेवा. लवंग आणि लसूण वास बऱ्यापैकी दाबतात. ब्रॉयलर असेल तर तुकडे जरा मोठे ठेवा आणि सगळ्यात शेवटी घाला, गरम होण्यापुरतं, नाहीतर कापूस चावल्यासारखं होतं. गावठी कोंबडी उरत असेल तर तुमच्या घरी माणसं कमी आहेत.

प्रश्न : तळलेली सुरमई उरली तर? (वेंगुर्ला)

उत्तर : चालते. काटे काढून मोठे पदर ठेवा, बटाटा पूर्ण खरपूस झाल्यावर घाला आणि फक्त एकदा उलटा. बांगडा नको, घरभर वास.

प्रश्न : बटाटा घाटावरून येतो, महागही झालाय, परसात नीरफणस लागलाय तो चालेल का? (देवगड)

उत्तर : चालेल काय, मला तर बटाट्यापेक्षा आवडतो. सोलून मधला दांडा काढा, फोडी हळदमिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकडा, निथळून कापडावर पसरा, पाणी पूर्ण सुकू दे, बाकी वरच्यासारखंच. चीक हाताला लागतो, आधी खोबरेल लावा. पिकलेला घेऊ नका, गोडसर होतो आणि मटणाशी भांडतो. फक्त पहिला फणस हॅशला लावू नका, आधी तांदळाच्या पिठातले काप होऊ देत, घरचे मग कशालाही तयार होतात.