शांततेचं गाणं ख्रिसमसला २१व्या क्रमांकावर कसं पोचलं?

तुमचा प्रश्न असा: ‘ब्रिटनमधल्या चाहत्यांनी जॉन केजची साडेचार मिनिटांची शांतता ख्रिसमसचं नंबर वन गाणं करायचा घाट घातला होता म्हणे. ही नुसती थट्टा होती का? शांततेसाठी लोकांनी पैसे कशाला मोजले?’

मोजणाऱ्यांत मीही होते. २०१०च्या डिसेंबरात मी लंडनमध्ये शिकत होते. थट्टा तर होतीच. पण केज या अमेरिकी संगीतकारावर जीव असलेल्या माणसांनी केलेली थट्टा होती, म्हणून ती इतकी लांब गेली.

तिथे ख्रिसमसच्या आठवड्यात कुठलं गाणं पहिलं येतं याला फार महत्त्व. लोक त्यावर पैजा लावतात. २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षं तो मान ‘एक्स फॅक्टर’ या टीव्ही स्पर्धेच्या विजेत्याला मिळाला, कारण अंतिम फेरी ख्रिसमसच्या तोंडावर आणि विजेत्याचं गाणं लगेच विक्रीला. लोक वैतागले होते. २००७पासून चार्टचा, म्हणजे विक्रीनुसार लागणाऱ्या गाण्यांच्या क्रमवारीचा, नियम बदलला आणि दुकानात सीडी नसली तरी नुसतं डाउनलोड मोजलं जाऊ लागलं. म्हणजे कितीही जुनं गाणं पुन्हा चार्टात येऊ शकत होतं. २००९मध्ये जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या जोडप्याने ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बँडचं १९९२चं संतापलेलं गाणं फेसबुकवरून पुढे रेटलं. त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या, स्पर्धेच्या विजेत्याच्या साडेचार लाख, आणि ते पहिलं आलं.

पुढच्या वर्षी चाहत्यांनी ‘रे’च्या जागी ‘के’ घातला: ‘केज अगेन्स्ट द मशीन’! गोंगाटाने जिंकलो, आता शांततेने जिंकू. सगळ्यांना एकाच क्षणाची ओढ होती. हे पहिलं आलं, तर रेडिओवर ते पूर्ण वाजवावं लागेल आणि सगळा देश साडेचार मिनिटं गप्प बसेल. रेडिओला शांतता अजिबात चालत नाही. २००४मध्ये बीबीसी रेडिओ ३ने हीच रचना ऑर्केस्ट्राकडून थेट प्रक्षेपित केली, तेव्हा आवाज थांबला की आपोआप सुरू होणारी आणीबाणीची यंत्रणा आधी बंद ठेवावी लागली होती.

रचनेचं नाव ‘४′३३″’, म्हणजे चार मिनिटं तेहतीस सेकंद. २९ ऑगस्ट १९५२ला न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ एका लाकडी सभागृहात पियानोवादक डेव्हिड ट्यूडर बसला, त्याने पियानोचं झाकण लावलं आणि घड्याळ बघत राहिला. तीन भाग, एकही सूर नाही. केज नंतर सांगायचा, की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात वैतागून कुजबुजणारे आणि उठून जाणारे श्रोते. आपण म्हणतो ना, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता? केजचं म्हणणं, तशी शांतता नसतेच. हार्वर्डच्या ध्वनिरोधक खोलीत गेला तरी त्याला दोन आवाज ऐकू आले होते, आणि दोन्ही त्याच्याच शरीरातले असं त्याला सांगण्यात आलं.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. १९४६मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवलं, त्याने त्यांना पाश्चात्त्य. संगीत कशासाठी, असं त्याने विचारलं. त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि स्थिर व्हावं, म्हणजे ते दैवी प्रभावाला मोकळं होतं. हे उत्तर केज आयुष्यभर सांगत राहिला.

तर, ६ डिसेंबर २०१०ला लंडनच्या सोहो भागातल्या एका स्टुडिओत सग्ज, ऑर्बिटल अशी बरीच गाणारी-वाजवणारी मंडळी दाटीवाटीने जमली आणि त्यांनी काहीही न वाजवता ध्वनिमुद्रण केलं. मिळकत सेवाभावी संस्थांना जाणार होती. त्यांत कानात सतत आवाज घुमणाऱ्या, म्हणजे टिनिटसच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. ही निवड मला आजही हलवते, कारण त्या माणसांच्या वाट्याला शांतता येतच नाही.

गाणं २१व्या क्रमांकावर थांबलं. पहिला आला स्पर्धेचा विजेता मॅट कार्डल. त्या वर्षी विरोधकांची मतं फुटली होती. कुणी ‘सर्फिन बर्ड’ हे १९६०च्या दशकातलं गाणं उचललं आणि ते तिसरं आलं, तर कुणी कार्डलने गायलेलं गाणं मूळ बँडच्या आवाजात विकत घेतलं. मला हरल्यासारखं वाटलं नाही. सूर नसलेली रचना एका आठवड्यात देशातल्या शेकडो नव्या गाण्यांच्या पुढे गेली होती.

बर्फामुळे माझं विमान रद्द झालं होतं, त्यामुळे २५ तारखेला मी खोलीतच होते. त्या दिवशी लंडनमध्ये ट्यूबही, म्हणजे भुयारी रेल्वेही, बंद असते. मी ते लावलं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, रेडिएटरमध्ये पाणी टकटकलं. दोन वर्षं त्या खोलीत राहून ही टकटक मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तुम्ही ऐकणार असाल तर हेडफोन लावू नका. स्पीकरवर लावा आणि खिडकी उघडी ठेवा.