मागून गाडी ठोकली, दुसऱ्या दिवशी मान आखडली, एक्सरे नॉर्मल आहे. काय करू, आणि भरपाई मिळते का?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीला ट्रॅफिकमध्ये उभे असताना मागून रेंट-अ-कारनं ठोकलं, त्या दिवशी काहीच वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी मान वळेना, एक्सरे नॉर्मल म्हणून घरचे म्हणतात काही झालेलं नाही, आणि तो टुरिस्ट दहा हजार घ्या नि मिटवा म्हणतोय. स्कूटर कधी चालवू, हेही विचारलंय. तुमचं दुखणं खरं आहे, घरच्यांनाही हे वाचायला द्या. मी म्हापशात फिजिओथेरपी करते, असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात.

याला व्हिपलॅश म्हणतात. मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं क्षणभर तिथंच राहतं, मग मागे जातं नि झटक्यात पुढे येतं, आणि हे इतक्या पटकन होतं की मानेच्या स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. ताण येतो स्नायूंवर, लिगामेंटवर आणि मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांवर, एक्सरेत मात्र दिसतं फक्त हाड. दुखणं वर यायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, म्हणून अपघाताच्या जागी माणूस 'मी बरा आहे' म्हणून घरी जातो. मग मान आखडते, डोक्याच्या मागच्या बाजूनं ठणका सुरू होतो, खांदे दुखतात, चक्कर येते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही.

हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, हातातली ताकद कमी वाटत असेल, चालताना तोल जात असेल, उलट्या होत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर माझं पुढचं काही वाचू नका, सरळ गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा.

तसं काही नसेल तर मानेच्या पट्ट्याबद्दल, म्हणजे कॉलरबद्दल. पट्टा महिनाभर लावून फिरणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण मान जितकी बांधून ठेवाल तितकी ती आखडत जाते. डॉक्टरांनी फ्रॅक्चर नाही असं सांगितलंय ना, मग फार तर दोन-तीन दिवस, तेही दुखणं सहन होत नसेल तरच. सुरुवातीला बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, नंतर गरम शेक चालतो, डॉक्टर म्हणतील ती वेदनेची गोळी, आणि दिवसातून चार-पाच वेळा मान हळूहळू उजवी-डावीकडे वळवायची, दुखेल तिथं थांबायचं. सलूनमध्ये मान कटकन मोडून घेऊ नका, हात जोडून सांगते. बहुतेकांना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरं वाटतं, थोड्यांना जास्त वेळ लागतो.

आता पैसे. मी वकील नाही, पण पेशंटचे कागद ट्रिब्युनलला (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाला) जातात त्यामुळे एक गोष्ट पक्की कळलीय, की पहिला केस पेपर सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर अपघाताची तारीख, मागून धडक बसल्याचा उल्लेख आणि काय काय दुखतंय ते लिहून घ्या, नाहीतर पुढे इन्शुरन्सवाले मानदुखी जुनीच आहे म्हणतात. पोलिसांत कळवलं नसेल तर आजच कळवा. टुरिस्ट आपल्या गावी गेला तरी हरकत नाही, क्लेम गाडीचा मालक आणि त्याची इन्शुरन्स कंपनी यांच्यावर होतो, म्हणून नंबर प्लेटचा फोटो जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, अपघात झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथं, आणि २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. औषधं, फिजिओ, बुडालेला पगार, येण्याजाण्याचा खर्च, सोसलेला त्रास हे सगळं मागता येतं, पण बिलं आणि रजेचा दाखला हवाच. भारतीय न्याय संहितेत पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं न जमणं हे गंभीर दुखापतीत धरतात, त्यामुळे किती दिवस काम जमलं नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कायमचं अपंगत्व राहिलं तर नुसती टक्केवारी बघत नाहीत, त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघायचं, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सांगितलंय. दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं तर मोठी रक्कम धरून चालू नका.

दहा हजारांचं म्हणाल तर आत्ता घेऊ नका, निदान आणखी काही देणंघेणं नाही अशा कागदावर सही करून तरी नकोच, कारण दुखणं किती दिवस चालणार हे अजून तुम्हालाही माहीत नाही. आणि स्कूटर विचारलीत, तर मागचं बघायला मान दोन्ही बाजूंना न दुखता वळेपर्यंत चालवू नका. कार चालवायला लागलात की हेडरेस्ट वर करा, त्याचं टोक डोक्याच्या माथ्याइतकं उंच हवं, आपल्याकडे पुष्कळदा ते मानेपाशीच ठेवलेलं असतं.