वाचकांचे प्रश्न : पहिली भट्टी

प्रश्न : काका नमस्कार, वय 24, साताऱ्याजवळच्या गावात राहतो, लोहारकाम शिकायची फार इच्छा आहे. व्हिडिओ बघून सिमेंट-वाळूचं भांडं ओतलं, खालून जीआय पाइप काढून त्याला जुना हेअर ड्रायर लावला. दोन दिवसांनी पेटवलं तर अर्ध्या तासात सिमेंटचे टवके उडायला लागले, एक डोळ्याखाली लागला. काय चुकलं? गॅसची तयार भट्टी घेऊ का, पण महाग आहे.

उत्तर : अरे, डोळा वाचला हे आधी फार बरं झालं. इथून पुढे चष्म्याशिवाय आगीजवळ जायचं नाही, आणि अंगात सुती कपडे, नायलॉन-टेरिकॉट अजिबात नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

टवके उडाले कारण सिमेंट वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी असतं, त्याची वाफ होते आणि वाफेला वाट मिळाली नाही की ती फोडून बाहेर येते. ओढ्यातले गोटे चुलीला लावले की फुटतात ना, तसंच. म्हणून भट्टीत सिमेंट नको.

गॅसची भट्टी आत्ता घेऊ नकोस. रस्त्याच्या कडेला घिसाडी बसतात त्यांची भट्टी कधी जवळ बसून बघितलीस का? जमिनीत छोटा खड्डा, बाजूनं आलेली हवेची नळी, हातानं फिरवायचा पंखा, बस. तेवढ्याशा आगीवर विळे, खुरपी, कुऱ्हाडी होतात, नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि समोरून बायको घण घालते, आणि दोघांचा ताल असा जमलेला असतो की बघत राहावं. एक दिवस त्यांच्याजवळ जाऊन बस, घरातला एखादा बोथट विळा घेऊन जा, काम दे, पैसे दे आणि बघ. कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकशील असं मला मनापासून वाटतं.

आणि तशीच भट्टी तू परसात कर. नऊ इंच रुंद, चार-पाच इंच खोल खड्डा, दोन्ही अंगांना भाजलेल्या विटा, आतून चिकणमातीत वाळू आणि राख कालवून जाड लिंपण. सावलीत चांगलं वाळू दे, भेगा पडल्या तर परत लिंप, मग पहिला जाळ काटक्यांचा, अगदी बारीक. हवेचा पाइप तळाच्या दोन इंच वर बाजूनं आत येऊ दे आणि तो तीनेक फूट लांब ठेव म्हणजे ड्रायर आगीपासून लांब राहील. वर पत्र्याची शेड असेल तर चारी बाजू उघड्या हव्यात, कारण कोळशाच्या आगीतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, कळायच्या आत माणूस पडतो.

पाइप मात्र जीआय नको, साधा काळा एमएस घे, म्हणजे मुलामा नसलेल्या साध्या पोलादाचा. जीआयवर जस्ताचा मुलामा असतो, जस्त 907 डिग्रीला उकळतं आणि आपली आग त्याच्या बरीच वर जाते. मी सुरुवातीला हीच चूक केली होती, दुपारी काम केलं आणि रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडात गोडसर धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरला, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

कोळसा बाभळीचा बघ, अक्रोडाएवढे तुकडे कर. दगडी कोळसा नंतर, त्याचा धूर आणि तळाशी जमणारा काचेसारखा खडा नवख्याला वैताग आणतो. आता मुख्य गोष्ट, हवा. नवखा माणूस हवा भसाभस मारतो, मग कोळसा उडून जातो, लोखंडावर पापुद्रे धरतात आणि फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या की समज ते लोखंड जळालं, ते परत येत नाही. ड्रायर कमीवर ठेव आणि ड्रायर लागतो त्या पाइपाच्या तोंडाशी थोडी फट सोड. नारिंगी-पिवळा रंग आला की बाहेर काढून ठोक, काळपट लाल झालं की थांबून परत आगीत, थंड लोखंड बडवत बसलास तर ते चिरतं आणि मनगटही जातं.

ऐरणीसाठी लोक रेल्वेच्या रुळाचा तुकडा सुचवतात, पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं 1966 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा बिलाशिवाय हात लावू नकोस. त्यापेक्षा भंगारातून पाच किलोच्या घणाचं डोकं आण आणि ओंडक्यात उभं ठोकून बसव, पहिलं वर्ष आरामात निघतं. हातोडा एक किलोचाच. आणि पहिलं काम सुरी नाही, 10 मिमीच्या साध्या गजाचा आकडा, भिंतीला लावायचा. असे वीस कर.

प्रश्न : गाडीच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता केला, लालभडक करून पाण्यात बुडवला तर तडा गेला. पाटाच खराब होता का?

उत्तर : बहुतेक नाही, पाणी चुकलं. पाट्याच्या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, कोमट तेल वापरा. आणि लालभडक कशाला, लोहचुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे साधारण 770 डिग्री, की त्याच्यावर थोडंसंच तापवून तेलात. त्यानंतर पातं काचेसारखं ठिसूळ असतं, तसंच वापरू नका, घासून चकाकी आणा आणि मागच्या बाजूनं हळूहळू तापवा, धारेपर्यंत वाळल्या गवतासारखा पिवळा रंग पोचला की लगेच थंड करा.