गाणं संपलं तरी पियानो ऐका

पियानोच्या साथीनं गायली जाणारी जर्मन गाणी पहिल्यांदाच ऐकताय, तर संगीतकार शूमानच्या 'डिश्टरलीबे' (कवीचं प्रेम) या गीतमालेपासून सुरुवात करा. जर्मन कवी हाइनेच्या कवितांवरची १८४० सालची १६ गाणी, साधारण अर्ध्या तासाची. अर्थ आधी वाचून ठेवा, ऐकताना कागदात डोकं नको. आणि बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीतला पुरुष गायक, थांबला की लगेच टाळ्या वाजवू नका, कृपा करून! पियानोचं सांगणं तेव्हा बाकी असतं. पहिलं गाणं तर अधांतरीच सुटतं, षड्जावर विसावतच नाही. शेवटच्या गाण्यात गायक आपलं प्रेम आणि दुःख भल्यामोठ्या शवपेटीत घालून समुद्रात बुडवायला निघतो. तो गप्प झाल्यावर पियानो बाराव्या गाण्याचा हळुवार शेवट पुन्हा आठवतो. माझा तिथे दरवेळी घसा दाटतो. जर्मन बॅरिटोन डीट्रिश फिशर-डीस्काउचं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच आधी लावा.